पीर, जुम्मा आणि आवळलेली छाती

"तुमची छाती कोणत्या वारी आवळते?" वैद्यकशास्त्राला हा प्रश्न कसा सुचला, एका देशातून दुसऱ्या देशात तो कोणी नेला, आणि परळहून अवघ्या ४० किलोमीटरवरच्या भिवंडीत तो इतक्या उशिरा का पोहोचला, याविषयीचा हा धागा. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. गेल्या हिवाळ्यात व्यवसायजन्य आजारांवर काम करणारी एक तरुण संशोधिका परदेशातून तीन आठवड्यांच्या अभ्यासभेटीवर आमच्या भिवंडीत आली होती. मी इतिहासाचा विद्यार्थी. वैद्यकातले मला काही कळत नाही, पण गल्ल्या ठाऊक आहेत आणि मागवाल्यांची बोली येते, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. तिच्याजवळ छापील प्रश्नावली होती. तीतला एक प्रश्न असा: सोमवारी कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते का? दोन दिवस मी तो इमानेइतबारे विचारत राहिलो आणि जवळजवळ सगळे "नाही" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी एका वयस्क विणकराने माग थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "छुट्टी जुम्मे की, और पूछते हो पीर का?"

पीर म्हणजे सोमवार. त्या कारखान्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. म्हणजे सुट्टीनंतरचा पहिला दिवस शनिवार, आणि सोमवार उजाडेपर्यंत माणूस दोन दिवस राबून तिसऱ्या पाळीला उभा. दोन दिवसांची उत्तरे वाया गेली होती, आणि चूक माझी होती, कारण वार कुठला हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

पण प्रश्नात सोमवार आला कुठून? त्यासाठी मागे जावे लागते.

कामाचा आणि आजाराचा संबंध लावण्याची परंपरा जुनी आहे. इटलीतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ छापला. त्यात अंबाडी आणि जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकलाही आहे. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत "तुझा धंदा कोणता?" या प्रश्नाची भर घालावी, असे त्याचे सांगणे होते. १८३१ मध्ये मँचेस्टरच्या गरीब वस्तीतील दवाखान्यात काम करणाऱ्या जेम्स फिलिप्स के या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या डॉक्टराने सूतगिरणीतील कामगारांच्या छातीच्या विकाराचे वर्णन केले. मात्र वाराची गोष्ट नोंदवली ती बेल्जियममधील गेंट शहरातल्या मारेस्का आणि हेमान या दोन डॉक्टरांनी, १८४५ साली. धुळीचा त्रास सोमवारी-मंगळवारी अधिक होतो आणि आठवडा सरत जाईल तसा कमी होतो, असे कामगारांनीच त्यांना सांगितले. शोध कामगारांचा होता. डॉक्टरांनी तो ऐकून लिहून ठेवला, आणि माझ्या मते हे श्रेयही लहान नाही.

यामागचे कारण आज बरेचसे उलगडले आहे. कापसाच्या बोंडाभोवतीच्या सुक्या पानांच्या चुऱ्यावर जिवाणू वाढतात. त्यांची अंतर्विषे धुळीबरोबर श्वासात जातात आणि श्वासनलिका आकसते. रोज धूळ घेतली की शरीराला तिची एक प्रकारे सवय होते. सुट्टीने ती सवय मोडते, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती पुन्हा आवळते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की त्रास आठवडाभर पसरतो आणि शेवटी माणूस जिना चढतानाही धापा टाकू लागतो. या रोगाला बिसिनोसिस हे नाव १८७७ मध्ये आद्रियाँ प्रूस्त या फ्रेंच वैद्याने वापरले. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त त्यांचाच मुलगा.

यापुढचा इतिहास बराचसा अल्पकाळाच्या मुक्कामांचा आहे. अॅलर्जीच्या अभ्यासात ज्यांचे नाव अजून घेतले जाते ते कार्ल प्राउसनिट्झ नाझी राजवटीत जर्मनी सोडून मँचेस्टरला आले. तिथे त्यांनी कापसाच्या धुळीवर संशोधन केले आणि त्यांचा अहवाल १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० च्या दशकात मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड शिलिंग लँकेशायरच्या पिंजणखात्यांत शिरले. हा रोग आता इतिहासजमा झाला, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. शिलिंग यांनी कामगारांना वार विचारला, आणि रोग जागच्या जागी असल्याचे दिसले. त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवल्या: कधीमधी सोमवारी, दर सोमवारी, सोमवारसह इतर दिवशी, आणि शेवटी कायमचा दम. माझ्या हातातल्या प्रश्नावलीतला सोमवार आला तो या वाटेने.

१९६४ मध्ये ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात इजिप्तच्या कापूस उद्योगाविषयी एक निबंध आला. पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कामगाराच्या फुप्फुसांची क्षमता किती घटते, हा त्याचा विषय. लेखकांत इजिप्तचे मुस्तफा एल बतावी आहेत, लंडनचे शिलिंग आहेत आणि युगोस्लाव्हियाचे फेदोर वालिच आहेत. एल बतावी पुढे जागतिक आरोग्य संघटनेत कामगार-आरोग्याचे प्रमुख झाले. अमेरिकेत गिरणीमालक दारे उघडीनात, तेव्हा मूळचे डच असलेले संशोधक आरेंड बाउहाउस यांनी अटलांटाच्या संघीय तुरुंगातील कापडगिरणीत कैद्यांची तपासणी केली. १९६९ च्या त्या निबंधावर झाग्रेबच्या युगेनिया झुश्किन यांचेही नाव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी नामावली ताम्रपटासारखी वाचता येते. कोण कुणाकडे जाऊन राहिले आणि कुणाच्या हाताखाली शिकले, ते तिच्यात कोरलेले असते. स्पायरोमीटर पेटीत घालून बोटीने पाठवता येतो. प्रश्न कसा विचारावा, हे पेटीतून पाठवता येत नाही. त्यासाठी माणसालाच जावे लागते.

आणि वाट एकतर्फी नव्हती. १९५७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी विणकरांमधील खोकल्याच्या एका साथीचा अहवाल दिला. कारण निघाले चिंचोक्याची पूड. विणण्याआधी ताण्याला खळ देतात, म्हणजे सूत तुटत नाही. आपल्याकडे ही खळ चिंचोक्याच्या पिठाची करण्याची रीत जुनी आहे. तेच पीठ तिकडच्या मागावर गेले आणि तिकडचे विणकर खोकू लागले. खळीचे पीठ हाताळणाऱ्या आपल्या कामगारांच्या छातीत काय चालले असेल, हे तिकडचा तो अहवाल वाचून कुणी इकडे येऊन विचारले असते तर, असा विचार मला अनेकदा छळतो.

आता मुंबई. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये त्यांची गिरणी सुरू झाली. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत गिरणगाव उभा राहिला, पण कामगारांच्या शरीराची विचारपूस फार उशिरा आली. तिचा एक ठळक टप्पा म्हणजे मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा १९२२ चा अहवाल. त्या गिरणीच्या फाटकापाशी थांबल्या नाहीत, चाळींचे जिने चढल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. ती 'बाळगोळी' म्हणून मिळे. आई पाळीला गेली की मूल झोपून राहावे, म्हणून. हा आकडा कुठल्याच हजेरीपटात सापडला नसता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूतिलाभाचा कायदा केला. त्यामागे अनेकांची मेहनत होती (१९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते), पण चाळीतल्या या नोंदींचा वाटा मला त्यात मोठा वाटतो.

बिसिनोसिसचा मुंबईतील मोठा अभ्यास परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. गिरणीकामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून त्यांनी एक किचकट प्रश्न हाताळला: कामगाराचा दम धुळीचा की विडीचा? नेहमीचा जुनाट श्वासरोग आणि बिसिनोसिस वेगळे ओळखायचे कसे? हा निबंध १९८१ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य श्वसनरोग नियतकालिकात छापून आला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९८९ मध्ये तिथल्या गिरण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यांत पिंजणखात्यातील दर तिघांत एकाहून अधिक कामगारांना हा विकार आढळला. म्हणजे प्रश्न इकडे पोहोचला होता, त्याची आपली उत्तरेही मिळू लागली होती.

पण तारखा जुळवून पाहा. निबंध १९८१ चा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणीकामगार बाहेर पडले. गिरण्यांचे कापड बंद झाले, पण बाजारातले कापड थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. काम चाळीस किलोमीटर सरकले, आणि कामगारांची छाती तपासणारे शास्त्र बरेचसे परळलाच राहिले.

याला कुणा डॉक्टरांचा आळस कारण नव्हता. गिरणीत हजेरीपट असे, दवाखाना असे, खात्याखात्यांत माणसे मोजलेली असत. पाच वर्षांनी तोच माणूस त्याच खात्यात सापडण्याची शक्यता असे. भिवंडीत यांतले काय होते? १९४८ च्या कारखाना अधिनियमानुसार विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले तर ती कारखाना ठरत असे. मग एका छपराखालचे माग कागदावर वाटले जात आणि प्रत्येक वाट्याला दहांहून कमी माणसे येत. बिसिनोसिस या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, म्हणजे तो आढळला तर कळवणे बंधनकारक होते. पण जी जागा कारखानाच नाही, तिथून कोण कळवणार? २०२० च्या संहितेने हीच मर्यादा २० वर नेली आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भिवंडीचा रोग म्हणजे लालबागच्या रोगाची नक्कल नव्हे. कापसाची सर्वाधिक धूळ गाठी फोडताना आणि पिंजताना उडते. माग या साखळीच्या शेवटाकडे येतो, शिवाय भिवंडीतल्या कापडात आज कृत्रिम धागाही भरपूर असतो. इथे बारा तासांच्या पाळ्या आहेत, सायझिंगची पूड आहे, कोंदट खोल्या आहेत, आणि १०० डेसिबलच्या आसपासचा धोट्याचा खडखडाट आहे. मागवाले एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून बोलतात ते हौसेने नव्हे. म्हणून लँकेशायरचा प्रश्न इथे उचलून आणून भागत नाही. तो इथे पुन्हा घडवावा लागतो. पुढे पाश्चात्त्य प्रश्नावल्यांतही 'सोमवार' जाऊन 'कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस' आला. आमच्या हाती पडली ती जुनी प्रत होती.

मुंबईत असे पुन्हा घडवण्याचे एक उदाहरण आहे. डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील एका कापडगिरणीत केलेला बिसिनोसिसचा अभ्यास १९९५ मध्ये 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त आला. कान्हेरे हे कामगारांमध्ये राहून काम करणारे कार्यकर्ते. त्यांचे नाव डॉक्टरांच्या जोडीने निबंधावर आहे, हे मला त्या निबंधातील कोष्टकांइतकेच महत्त्वाचे वाटते.

आणखी एक अडचण, जी मला या तीन आठवड्यांत कळली. व्यवसाय-आरोग्याच्या शास्त्रात तिला 'निरोगी कामगाराचा आभास' म्हणता येईल. जो आजारी पडतो तो काम सोडतो, म्हणून तपासणीच्या दिवशी मागापाशी उभे असलेले सगळे तुलनेने धडधाकट दिसतात. भिवंडीत हा आभास दुप्पट होतो. इथला विणकर उत्तर प्रदेशाचा, बिहारचा, तेलंगणाचा. त्याला दम लागला, क्षयाची शंका आली, की तो गाडी पकडून मुलुखाला जातो. आजार भिवंडीत जडतो आणि मोजला गेलाच तर आझमगढच्या एखाद्या दवाखान्यात. तिथे त्याला धंदा कोणता विचारला, तर तो खरेच सांगेल, "आता शेती."

संशोधिकेने चौथ्या दिवशी प्रश्न बदलला: सुट्टीनंतर पहिल्यांदा माग सुरू करता तेव्हा कसे वाटते? हाताने लिहिलेली ती ओळ छापील सोमवारावर चिकटवली होती. आता उत्तरे लांब येऊ लागली. कुणी छातीवर मूठ आवळून दाखवली. कुणी सांगितले की शनिवारी पहिले दोन तास बोलवत नाही, नंतर सरावते. तो वयस्क विणकर तर आमचा गुरूच झाला, कोणाला काय विचारावे ते सांगू लागला. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकून घ्यायचे, म्हणून शेवटच्या शनिवारी आम्ही पहाटेच पोहोचलो.

त्याच्या मागावर दुसराच मुलगा उभा होता. संशोधिकेने विचारले, ते कुठे आहेत? मी चौकशी केली. तिच्या तक्त्यात त्याच्या नावापुढची जागा रिकामी होती. तिने पेन माझ्याकडे दिले, आणि मी तिथे देवनागरीत लिहिले: गावी गेले.