तुआला की हांडुक?

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. कार्टन मोजायचे, पॅकिंग लिस्ट जुळवायची, कंटेनरला सील लागलं की सही करायची. इतक्या वर्षांत माझ्या सहीने टॉवेल कुठल्या कुठल्या बंदरात उतरले, मी मात्र मुंबईच्या पुढे गेलो नाही. यंदा भिशी उचलली. अम्मीचा उमराह दोन वर्षांपूर्वी झालाय, त्यामुळे या पैशांवर कुणाचा आधीचा हक्क नव्हता. बायकोने एवढंच बजावलं, "पैसा एकीच बार का है, सोच के बोलो."

पर्याय दोनच उरले होते, क्वालालंपूर आणि जकार्ता. दोन्हीकडे हलालची चिंता नाही, आणि खर्चही दोन्हीकडे साधारण तेवढाच. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केलाय. इंडोनेशियात विमानतळावर व्हिसा मिळतो, पण त्याचे पाच लाख मोजावे लागतात. रुपये नव्हे, रुपिया. आपले अडीच-तीन हजार होतात, तरी आकडा ऐकून बायको दचकली.

कारखान्यात सगळ्यांचं मत क्वालालंपूरला. जुळे टॉवर, स्वच्छ रस्ते. चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्याने हसत हसत विचारलं, "तिकडंबी तुमचे लोक तलवार घेऊनच गेले आस्तील की?" माणूस वाईट नाही, मुलाच्या फीला मी अडलो तेव्हा पहिला हात त्यानेच दिला होता. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आलं. मग मी हॉटेलांचे दर बघायचं सोडून इतिहास वाचायला घेतला.

क्वालालंपूर हे वयाने लहान शहर आहे. १८५७ साली, आपल्याकडे बंड पेटलं होतं तेव्हा, कथिलाच्या खाणी शोधायला आलेल्या लोकांनी दोन नद्यांच्या संगमावर ते वसवलं. नावाचा अर्थच 'गढूळ संगम'. त्या संगमावरची जामेक मशीद १९०९ सालची. तिचे घुमट आणि कमानी पाहिल्या की दिल्ली-आग्र्याची आठवण येते, पण ती रचली आर्थर हबॅक या इंग्रज वास्तुकाराने. इंग्रजांच्या डोळ्यांना मशीद म्हटलं की मुघल शैलीच दिसायची, मलाया असलं तरी. मला याची गंमत वाटते आणि थोडी चीडही येते.

खरा जुना इतिहास बसने दोन तासांवर, मेलाकात आहे. पंधराव्या शतकात हे सल्तनतीचं बंदर होतं. व्यापाऱ्यांचा कारभार बघायला चार शाहबंदर नेमलेले असत आणि त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी. पोर्तुगीज टोमे पिरेश १५१२ नंतर तिथे राहिला. बंदरात कुठले कुठले लोक येतात याची त्याने जी लांबलचक यादी केली, त्यात चौल, दाभोळ आणि गोव्याचे लोक आहेत, दख्खनच्या राज्याचे लोक आहेत. ही नावं वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसताच बसलो. दाभोळ म्हणजे आधी बहमनींचं आणि मग विजापूरच्या आदिलशाहीचं बंदर. सोलापूर याच सुलतानांच्या ओढाताणीतलं गाव. चाँदबीबीच्या लग्नात सोलापूरचा भुईकोट हुंड्यात दिला गेला, इतकी त्याची किंमत. या मुलखातला माल घाट उतरून दाभोळला आणि तिथून जहाजाने पूर्वेला जात असे. माझ्या डिस्पॅचची वही पाचशे वर्षं जुनी निघाली.

माल काय, तर मुख्यतः कापड. मलय भाषेत कापसाला आजही 'कपास' म्हणतात, व्यापाऱ्याला 'सौदागर', भाषेला 'बहासा', किल्लीला 'कुंची'. यातले बरेच शब्द इस्लामच्याही आधी तिकडे पोचले होते.

आता तलवारीचं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो सुमात्राच्या किनाऱ्यावर थांबला, तेव्हा पेर्लाक हे गाव मुसलमान झालेलं त्याला दिसलं आणि त्याचं श्रेय त्याने व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्याला दिलं. पूर्व जावातल्या ग्रेसिकला मलिक इब्राहिमची १४१९ सालची कबर आहे. तिचा कोरीव संगमरवर खंबायतच्या घडणीचा मानतात. म्हणजे ज्या मार्गाने कापड गेलं त्याच मार्गाने कबरीचे दगडही गेले. कुठल्या बादशहाने तिकडे फौज धाडल्याचं मला सापडलं नाही. पण टपरीवर जाऊन 'बघ, तलवार नव्हतीच' असं सांगितलं तर तेही खोटं ठरेल. पुढे जावातल्या देमाकच्या सुलतानांनी हिंदू-बौद्ध मजपाहितच्या उरल्यासुरल्या सत्तेशी लढाया केल्याच. आणि सुरतेजवळच्या रांदेरचा नुरुद्दीन रानिरी १६३७ मध्ये अचेहच्या दरबारात पोचला, तिथे वजन कमावलं आणि हमजा फन्सुरी या सूफी कवीच्या विचारांना पाखंड ठरवून ती पुस्तकं जाळायला लावली. आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला हाही एक माल. तो यादीतून गाळायचा नाही.

अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मेलाका. तिथून पुढची गोष्ट टॉवेल सांगतो. पोर्तुगीज 'तोआल्या'वरून हिंदीत तौलिया आला आणि मलयमध्ये 'तुआला'. जावात मात्र डच आले. यान पीटरझून कून याने १६१९ मध्ये जयकर्ता जाळून त्यावर बटाविया बांधलं, तेच आजचं जकार्ता. म्हणून इंडोनेशियात टॉवेलला 'हांडुक' म्हणतात, डच 'हँडडुक'वरून. दोघांची भाषा मुळात एकच, फरक पडला अंग पुसायच्या फडक्याच्या नावात. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "मग बाथरूम बघूनच ठरवा."

बटावियात डचांनी जमातवार मोहल्ले पाडले. हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांना ते 'कोजा' म्हणत, आपल्या खोजावरून. त्यांचा मोहल्ला तो पेकोजान. तिथली अल-अन्सोर मशीद १६४८ सालची सांगतात. नंतर त्या वस्तीत अरब आले आणि कोजा विरघळून गेले, नाव तेवढं राहिलं. छायाचित्रात ती मशीद अगदी साधी दिसते. गल्लीत लपलेली, आपल्याकडच्या पेठेतल्या एखाद्या मोहल्ल्यात असावी तशी.

जकार्ताकडे माझं मन झुकलं ते १९४५ मुळे. १७ ऑगस्टला सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला ब्रिटिश उतरले, पण डचांची सत्ता परत आणायलाच ते आलेत असं तिथल्या लोकांना वाटलं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. ब्रिटिशांचे शिपाई बहुतेक हिंदुस्थानी. सुराबायात जी ४९ वी भारतीय ब्रिगेड अडकली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर बॉम्ब आणि तोफा चालल्या. स्वतः गुलाम असलेली पोरं दुसऱ्याचं स्वातंत्र्य मोडायला पाठवली गेली होती. नेहरूंनी याला जाहीर विरोध केला. काही शे शिपाई, त्यात मुसलमान पुष्कळ, बंदुकीसह इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. जकार्ताच्या मेन्तेंग पुलो भागातल्या राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमीत अविभाजित हिंदुस्थानच्या लष्करातल्या शिपायांच्याही कबरी आहेत. पगारासाठी भरती झालेले, मायदेशी न परतलेले. त्यांच्यासाठी तिथे जाऊन फातिहा पढणारं आपल्याकडचं कोण असणार?

आणि इस्तिकलाल मशीद. इस्तिकलाल म्हणजे स्वातंत्र्य. देशातल्या या सर्वांत मोठ्या मशिदीचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या प्रोटेस्टंट ख्रिश्चनाचा. स्पर्धेत त्याने टोपणनावाने पाठवलेला आराखडा निवडला गेला आणि सुकार्नोंनी तो बदलला नाही. १९६१ मध्ये पायाभरणी झाली आणि १९७८ मध्ये मशीद खुली झाली. समोर कॅथेड्रल आहे आणि दोन्हींना जोडणारा भुयारी रस्ताही आता झालाय. इंडोनेशियात सगळं आलबेल आहे असं नाही, चर्चवर बॉम्बही फुटलेत. तरी ख्रिश्चनाने आखलेल्या मशिदीत दोन रकात नमाज पढावी असं मला फार वाटतं.

जकार्ता खचतंय, राजधानी बोर्निओतल्या नुसंताराला हलवण्याचा कायदा २०२२ मध्ये झालाय. क्वालालंपूर आहे तिथेच राहणार.

रविवारी तिकिटं काढली, जकार्ताची. बायकोने अट घातली की स्मशानभूमी आणि मशिदींचे मिळून दोनच दिवस, बाकीचे तिचे. टपरीवरचा मित्र म्हणाला, "मराठा पलटणीतल्यांचीबी कबर आसंल का रं तिथं?" मी म्हटलं, हिंदू शिपायांचं दहन झालं असेल, नावं मात्र कोरलेली असतील. "मग वाचून ये," तो म्हणाला. बॅगेत आमच्याच कारखान्यातले दोन टॉवेल टाकलेत, सेकंड क्वालिटीतले. एक पेकोजानच्या मशिदीत वजूच्या जागेपाशी ठेवायचा विचार आहे.