पंधरा हजारांश

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही परगावच्या पाहुण्याला पहिल्या चहाबरोबरच ऐकवतो. पण यंत्रांच्या बाबतीत माझा आणि जर्मनीचा काडीचाही संबंध नाही. म्हणूनच, ‘बाबांची बुलेट मी पुस्तक वाचून दुरुस्त करणार’ असे मी जाहीर केले, तेव्हा सौभाग्यवतीने मुकाट्याने भंगारवाल्याला निरोप धाडला.

गाडी घरंदाज हो! एकच सिलिंडर, पण ३४६ सी.सी.चा. मूळ घराणे इंग्लंडातल्या रेडिच गावचे. हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध, आणि रॉयल एनफिल्डचा उगमही एका सुयांच्याच कारखान्यातला. सुयांवरून मंडळी सायकलीवर आली, सायकलीवरून मोटारसायकलीवर. १९५०च्या दशकात आपल्या लष्कराने गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला. माहेर बुडाले, पण लेक सासरी सुखाने नांदत राहिली. ते जुने बिडाचे इंजिन किरकोळ फेरफार करत २०१०च्या सुमारापर्यंत आपल्याकडे बनत होते. गाडी बदलली नाही, म्हणून तिचे पुस्तकही शिळे झाले नाही.

बाबा शेतकी खात्यात होते. जिंतूर, पाथरीकडची खेडी त्यांनी याच गाडीवर पालथी घातली. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी बसायची, की गाडी चालवण्यापेक्षा काडीने उकरण्यातच दिवस जायचा. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत ते इंग्रजी पुस्तक सापडले, पानोपानी तेलकट अंगठे उमटलेले. आणि तळाशी चक्क माझी लग्नपत्रिका! बाबा तोंडाने कधी माया बोलले नाहीत; पण पाने-पकडींत मुलाची पत्रिका जपून ठेवली. माझे डोळे भरून आले.

डोळे पुसून मी कामाला लागलो. बुलेटला किक मारणे हा विधी आहे. चावी फिरवून किक हळूहळू दाबायची. अँमीटरची सुई मध्यावर आली की थांबायचे. मग डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक किंचित पुढे सरकवायची, खटका सोडायचा, आणि मग देवाचे नाव घेऊन लाथ! सुयांच्या गावची गाडी, ती सुईच्या इशाऱ्यानेच सुरू होणार.

पुस्तकाबरहुकूम प्लग साफ केला, टॅपेट लावले, पॉइंटमधली फट १५ मोजून घेतली. सकाळपासून साठ-सत्तर किका मारल्या. गाडी एकदा शिंकली, तेवढेच. संध्याकाळी भंगारवाला दारात. ‘काटा आणू का?’ म्हणाला. माझ्या तोंडून ‘आण’ निघणारच होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडावरचे मिस्त्री तमाशा बघायला आले. पॉइंटचे झाकण काढून त्यांनी डोकावून पाहिले.

“सर, फट किती ठेवलीय?”

“पंधरा. पुस्तकात आहे.”

“पंधरा काय?”

इथे माझी बोबडी वळली. पुस्तक इंचांचे, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, मिलिमीटरमध्ये ०.३८. देशाने १९५६ साली मेट्रिकचा कायदा केला, त्याच हिशेबात मी वाढलो, आणि ०.१५ मिलिमीटरची पट्टी घालून मोकळा झालो. निम्म्याहूनही कमी फट! ठिणगी तरी कशी पडावी?

मिस्त्रींनी पेटीत हात घातला, माझी लग्नपत्रिका काढली, तिचा तेलकट कोपरा पॉइंटमध्ये सरकवला आणि स्क्रू आवळला.

“अहो, हे काय करताय?”

“तुमचे बाबा ह्यानंच लावायचे की! म्हणायचे, पोराच्या लग्नात दुसरं काही मापात झालं नाही, पण पत्रिकेचा कागद बरोबर निघाला.”

दुसऱ्या किकेला बुलेट धडधडली. भंगारवाला काटा न आणताच परतला. पत्रिका पुसून मी जिथल्या तिथे, पेटीच्या तळाशी ठेवली. पुढच्या वेळी लागेलच.