ब्रेक का बोलतात?

मोटारीचा ब्रेक दाबला आणि चाकातून कर्कश किंकाळी आली, की आपण म्हणतो, गाडी जुनी झाली. पण ती किंकाळी आपल्या गाडीपेक्षा फार जुनी आहे. डिस्क ब्रेक जन्माला आला तोच मुळी ओरडत. मंडळी, त्या आवाजाची शंभराहून अधिक वर्षांची गोष्ट मला आज सांगायची आहे. मी कवितेचा माणूस. यंत्रविद्येची पदवी माझ्यापाशी नाही. पण आवाज नीट ऐकणं हा माझाही धंदा आहे, म्हणून हे धाडस.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला फ्रेडरिक लँचेस्टर नावाचे एक कल्पक इंजिनिअर होते. १९०२ साली त्यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. सायकलच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबरं दाबतात ना, तसंच. फक्त इथे चाकासोबत फिरणारी धातूची तबकडी आणि तिला चिमटीत धरणारे ठोकळे. हे ठोकळे तांब्याचे होते. धातूवर धातू घासला की काय होतं, ते पितळी पातेलं चमच्यानं खरवडणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. गाडी थांबायची, पण सारा रस्ता कान झाकून घ्यायचा. शिवाय त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं.

त्याच १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला. ड्रमच्या पोटात शू बाहेरच्या अंगाला दाबायचे. धुळीपासून आडोसा आणि आवाजही बेताचा. पुढची पन्नास वर्षं मोटारींवर ड्रमचंच राज्य राहिलं.

किंकाळीवर औषध शोधलं हर्बर्ट फ्रूड यांनी. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावरून येणाऱ्या घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी ते १८९७ पासून घर्षणाचं साहित्य बनवत होते. त्यांच्या कंपनीचं ‘फेरोडो’ हे नाव म्हणजे त्यांच्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातलं पहिलं अक्षर मिसळून केलेलं. १९०७-०८ च्या सुमारास फ्रूड यांनी ब्रेकच्या अस्तरासाठी ॲस्बेस्टॉस वापरलं. ते उष्णतेला दाद देत नव्हतं, लवकर झिजत नव्हतं आणि मुख्य म्हणजे ओरडत नव्हतं. मोटार शांत झाली.

ही शांतता फुकट मिळाली नव्हती. ॲस्बेस्टॉस हा दगड असला तरी त्याचे तंतू निघतात आणि कापसासारखे कातता येतात. विणीच्या ब्रेक लायनरला हाच धागा लागे. लँकेशायरमधल्या रॉचडेलला नेली केर्शॉ नावाची एक कामगार स्त्री गिरणीत ॲस्बेस्टॉसचा धागा कातायची. १९२४ च्या मार्चमध्ये ती वारली, तेव्हा ती ३३ वर्षांची होती. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली, तर त्यांत त्या दगडाचे कण रुतलेले होते. त्याच वर्षी त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते प्रसिद्ध केलं. १९३१ साली ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीवर नियम आले. पण संपूर्ण बंदीसाठी १९९९ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात जगभरच्या गॅरेजांमधून मिस्त्री लोक ड्रममधली धूळ फुंकून उडवत राहिले.

एकीकडे ड्रमची मर्यादाही उघडी पडली. वेगातून पुनःपुन्हा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. तबकडी उघड्यावर असते, तिला वारा लागतो. विमानांनी ती आधीच स्वीकारली होती. मग जॅग्वार आणि डनलॉप यांनी तिला शर्यतीत उतरवलं. १९५२ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या रान्सला स्टर्लिंग मॉस डिस्क ब्रेकची गाडी घेऊन जिंकले. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वारनं ताशी सुमारे १७० किलोमीटरची सरासरी गाठली. १९५५ साली सित्रोएन डीएस ही घरगुती मोटार पुढच्या चाकांना डिस्क घेऊन पॅरिसच्या प्रदर्शनात आली. आज आपल्या दारातल्या छोट्या गाडीच्याही पुढच्या चाकांना डिस्कच असते.

आता या ब्रेकमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असतात. आपल्या गाड्यांतल्या साध्या कॅलिपरात तसं काही नसतं. पिस्टनभोवती रबराची एक चौकोनी धारेची रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित मुरडते. पाय काढला की आपल्या मूळ आकारात येते आणि येताना पिस्टनला केसभर मागे आणते. तेवढ्यावर चाक मोकळं होतं. धरणं हे निम्मंच काम; वेळेवर सोडणं हे उरलेलं निम्मं.

ते सोडणं बिघडलं की ब्रेक ‘धरून राहतो’. लक्षणं घरबसल्या कळतात. गाडी सपाटीवरही नीट घरंगळत नाही, पेट्रोल जास्त खाते, एका बाजूला ओढते, जळका वास येतो. प्रवासानंतर चाकांजवळून हात फिरवावा, लावू मात्र नये. एकच चाक भट्टीसारखं वाटलं तर ते आजारी. हे अंगावर काढू नये. ताप वाढून ब्रेक ऑइलला उकळी फुटली की पाइपात वाफ होते आणि नेमका घाटात पेडल पोकळ लागतं.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचं असंच झालं. आमच्या गल्लीतला मिस्त्री म्हणाला, ‘‘चाचा, ग्रीस मारून दिलं तर चार दिवस वाजणार नाही. पण चाक तापतंय, ते खोलूनच बघायला पाहिजे.’’ त्यानं गाडी जॅकवर घेतली, खाली घोडे लावले आणि चाक हातानं फिरवलं. हलकी घासण चालते, पण हे हलेचना. मग त्यानं कॅलिपरचं निपल सैल केलं. ‘‘ऑइल उडून चाक सुटलं तर दाब आत कोंडलाय,’’ तो म्हणाला, ‘‘नाही सुटलं तर जाम इथंच आहे.’’ सगळा तपास या एका प्रश्नात आहे. दाब कोंडला असेल आणि चाक एकच असेल, तर बहुधा रबरी पाइप आतून सुजून बंद झालेला असतो. दोन्ही चाकं धरत असतील तर संशय मास्टर सिलिंडरवर. दाब सोडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन गंजलेला तरी असतो किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडलेल्या असतात. भावाच्या गाडीच्या पिना गंजल्या होत्या. मागच्या चाकांचं असेल तर हँडब्रेकची केबलही पाहावी.

आवाजाचीही अशीच भाषा आहे. पावसाळी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर झाली आणि थांबली, तर तो तबकडीवरचा रात्रीचा गंज. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळणं म्हणजे पॅड आणि तबकडीची थरथर. पॅडमागची पत्री पट्टी किंवा क्लिप बसवायची राहिली की ती वाढते. जाड धातूची घासण ऐकू आली तर पॅड संपून लोखंडाला लोखंड लागलंय, गाडी पुढे नेऊ नये.

आणि एक आवाज मुद्दाम ठेवलेला आहे. पुष्कळ पॅडना पोलादाची एक छोटी जीभ असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती तबकडीला टेकते आणि ओरडू लागते. ज्या किंकाळीला गप्प करण्यासाठी माणसानं ॲस्बेस्टॉस जवळ केलं, तीच किंकाळी पुढच्या इंजिनिअरांनी राखण म्हणून परत बोलावली.

म्हणून ब्रेक वाजला की ‘आवाज बंद करून दे’ असं मिस्त्रीला सांगू नका. ‘कुठून येतो ते बघ’ असं सांगा. काढलेले जुने पॅड मागून घ्या. सरकत्या कॅलिपरात आतला पॅड कागदासारखा आणि बाहेरचा जाड असेल, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही, पिस्टन आणि पिना पाहायला हव्यात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदला. आणि तिथल्या पोराला सांगा, की धूळ फुंकू नकोस, हवेच्या पाइपानं उडवू नकोस, ओल्या फडक्यानं पूस. त्या पॅडमध्ये काय आहे हे त्याला माहीत नसतं; आणि नेली केर्शॉलाही कोणी सांगितलं नव्हतं.