मोबाइलमधील कागदपत्राची फाइल डिलीट झाल्यास काय करावे?

अर्जाला जोडायचा दाखला मोबाइलमधून चुकून डिलीट झाला, तरी तो बहुतेक वेळा लगेच पुसला जात नाही. ‘गूगल फोटोज’मध्ये ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’ उघडा, फोटो दाबून धरा आणि ‘रिस्टोअर’ निवडा. बॅकअप घेतलेला फोटो तेथे ६० दिवस राहतो, बॅकअप नसलेला ३० दिवस. जागा करण्यासाठी बिन रिकामा केला, तर फोटो गेला. ‘फोन साफ करून देतो’ म्हणणारे नेमके हेच करतात!

फोटो बिनमध्ये नसला तरी घाबरू नका. ई-आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून पुन्हा विनाशुल्क डाउनलोड करता येते. ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावरच येतो, म्हणून तो क्रमांक चालू ठेवा. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे (कॅपिटल) आणि पुढे जन्मवर्ष.

डिजिलॉकरच्या ‘इश्यूड’ विभागात आलेले कागदपत्र मूळ प्रतीइतकेच ग्राह्य असते. तुम्ही स्वतः अपलोड केलेल्या फोटोला तो दर्जा नाही.

फाइल परत मिळवून देण्यासाठी कोणी ओटीपी मागितला किंवा अनोळखी ॲप टाकायला सांगितले, तर नकार द्या.