ओठांनी वाचलेलं शास्त्र

कॅथलिक प्रार्थनागटात 'लेक्टिओ दिव्हिना' ही शास्त्रवाचनाची रीत शिकवताना चार शब्द हमखास सांगितले जातात: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. त्या दिवसाच्या शुभवर्तमानातला उतारा घ्यायचा, सावकाश वाचायचा, मनाला भिडलेल्या ओळीपाशी थांबायचं, तिच्या आधारानं देवाशी बोलायचं आणि मग नुसतं त्याच्यापुढे बसायचं. हा क्रम इतका सरळ आहे, की तो पहिल्या दिवसापासून असाच असेल असं वाटतं. खरं तर कित्येक शतकं ही रीत पायऱ्यांवाचूनच चालली, आणि ती चालली ती ओठांवर.

तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिजेननं ग्रेगरी नावाच्या शिष्याला एक पत्र लिहिलं. देवाच्या वचनाचं वाचन मन लावून कर, पण अर्थ उलगडायचा तर अभ्यासाला प्रार्थनेची जोड हवीच, असं त्यानं त्यात बजावलं. ही झाली बीजरूप कल्पना. तिला दिनक्रमात जागा दिली ती सहाव्या शतकात, इटलीत, नुर्सियाच्या संत बेनेडिक्टनं. त्याच्या नियमावलीचं ४८वं प्रकरण रोजच्या श्रमाबद्दल आहे आणि त्याच प्रकरणात वाचनाचे तास ठरवलेले आहेत. उपवासकाळ सुरू झाला की प्रत्येक मठवाशाला ग्रंथालयातून एकेक पोथी मिळे. ती पहिल्या पानापासून क्रमानं पूर्ण वाचायची. वाचनाच्या वेळी कुणी आळसात किंवा गप्पांत रमलेलं नाही ना, हे बघायला एक-दोन ज्येष्ठ मठभर फिरत. दुपारी बिछान्यावर पडून कुणाला वाचायचंच असेल तर त्यानं इतरांना त्रास होणार नाही असं वाचावं, अशीही सूचना आहे.

वाचनाचा शेजाऱ्याला त्रास कसा होईल? कारण तेव्हाचं वाचन कानाला ऐकू येई. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोस डोळ्यांनीच, ओठ न हलवता वाचतात, हे संत ऑगस्टिनला नोंदवून ठेवण्याजोगं वाटलं होतं. मठात तर दीडशेच्या दीडशे स्तोत्रं दर आठवड्याला म्हटली जात, त्यामुळे ती पाठच असत. हाताला काम असताना तोंडात ओळ घोळत राही. मठवासी या घोळवण्याला गाईच्या रवंथाची उपमा देत. दहाव्या शतकातल्या गॉर्झ मठाच्या जॉनबद्दल लिहिलेलं आहे, की त्याची स्तोत्रं मधमाशीच्या गुणगुणण्यासारखी ऐकू येत. या तपशिलाचं मला फार मोल वाटतं. अर्थ समजण्याच्या कितीतरी आधी शब्द अंगात मुरत होता.

पायऱ्या आल्या त्या बाराव्या शतकात. फ्रान्सच्या आल्प्समधल्या ग्रांद शार्त्रझ मठाचा दुसरा गीगो यानं जर्व्हेस नावाच्या धर्मबंधूला एक पत्र लिहिलं. एके दिवशी हातानं काम करत असताना माणसाच्या आध्यात्मिक साधनेचा विचार मनात आला आणि चार पायऱ्या एकाएकी समोर उभ्या राहिल्या, असं तो सुरुवातीलाच सांगतो. उदाहरणाला त्यानं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं, शुद्ध अंतःकरणाच्या लोकांबद्दलचं एकच वचन घेतलं. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला त्याची चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, अशी त्याची मांडणी आहे. शिडी सांगतानाही त्याची भाषा तोंडाचीच राहिली.

पुढे विद्यापीठं आली आणि ग्रंथ प्रश्न सोडवण्यासाठी वाचला जाऊ लागला. प्रॉटेस्टंट चळवळीनंतर चर्चच्या १५६४च्या नियमांनी तर लोकभाषेतलं बायबल वाचायला परवानगी घेणं भाग पाडलं. सामान्य कॅथलिक माणूस आणि शास्त्र यांच्यात अंतर पडलं, आणि ते फार काळ टिकलं. अशा काळात, १६१६ साली, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. बायबलच्या कथा मराठी ओव्यांत, जवळपास अकरा हजार! नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं, आणि स्टीफन्सनी ते मोठ्यानं म्हणता येईल अशा छंदात दिलं. त्यांनी लेक्टिओची शिडी शिकवली नाही, पण शास्त्र ओठांवर ठेवलं. माझ्या लेखी हे त्या शिडीपेक्षा मूळ रीतीच्या अधिक जवळचं आहे.

१८ नोव्हेंबर १९६५ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात शास्त्रवाचनाचा आग्रह सगळ्या श्रद्धावंतांना केला आणि वाचनाबरोबर प्रार्थना हवी असंही सांगितलं. १९८० पासून मिलानचे आर्चबिशप कार्लो मारिया मार्तिनी यांनी तिथल्या कॅथेड्रलमध्ये तरुणांना लेक्टिओच्या पद्धतीनं वचन वाचायला शिकवलं. हजारो जण येत. २०१०च्या 'व्हेर्बुम डोमिनी' या दस्तऐवजामध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी चार पायऱ्या सांगून झाल्यावर म्हटलं, की कृतीपर्यंत पोहोचल्याखेरीज हे वाचन पुरं होत नाही. नुर्सियाच्या बेनेडिक्टला हे वेगळं सांगावं लागलं नव्हतं. त्याच्या मठात वाचनाचा तास संपला की कामाचा तास सुरू होई, आणि वाचलेली ओळ कामावर सोबत जाई.