लोखंडाची साक्ष

सनदेवरील तारीख दात्याच्या मृत्यूनंतरची निघाली, तर सनद बनावट ठरते. जुन्या मोटारीसही हाच न्याय लागतो. १९२८ सालीं मुंबईंत शिवडीस मोटारींची जुळणी सुरू करणाऱ्या जनरल मोटर्सनें १९५३ सालीं अमेरिकेंत ‘कॉर्व्हेट’ ही स्पोर्ट्स मोटार काढली. त्या वर्षींच्या तिनशेंही गाड्यांस सहा सिलिंडरांचें इंजिन होतें. आठांचें १९५५ सालीं आलें. तेव्हां १९५३ च्या गाडींत आठ दिसले, तर तें इंजिन मागाहून बसविलेलें. इंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख असते. ती गाडीच्या जन्माआधींचीच हवी. मूळ इंजिनास मोठी किंमत येते, म्हणून ठोकलेले आंकडे घासून नवे उमटविणारेही निघतात. ओतीव अक्षर बदलणें त्याहून कठीण. विकणाराच्या शब्दाआधीं लोखंडाची साक्ष घ्यावी.