फॅरनहाइट कोणत्या देशाचा?

आपल्याकडे अंतर, वजन, आकारमान हे सारे दशमान पद्धतीत गेले. अंगातला ताप मात्र घरोघर अजून फॅरनहाइटमध्येच सांगितला जातो. ‘पोराला १०२ ताप आहे’ असे म्हटले की तो आकडा कोणत्या मापपट्टीवरचा, हे कोणी विचारत नाही. डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट याने १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा तापमापक बनवला आणि १७२४ मध्ये आपले काम लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. पण फळ्यावर शास्त्रज्ञाचे नाव लिहिले की पुढे कंसात त्याचा देश लिहायची आपल्याला सवय आहे. या कंसात काय लिहायचे? जर्मनी? पोलंड? की हॉलंड, जेथे त्याने आयुष्याचा बराच काळ घालवला आणि १७३६ मध्ये जेथे तो वारला?

फॅरनहाइटचा जन्म १६८६ चा, बाल्टिक समुद्रावरच्या एका बंदरातला. या गावाला जर्मन लोक डान्झिग म्हणतात आणि पोलिश लोक ग्दान्स्क. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात आपण ‘डान्झिग’ वाचतो, तेच हे गाव. या दोन नावांवरून आमच्या काळात एक लांबलचक भांडण झाले. ते रणांगणावर झाले नाही, एका ज्ञानकोशात झाले.

सर्वांनी लिहायचा कोश

जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया हा संगणकावरील ज्ञानकोश इंग्रजीत सुरू झाला. मराठीसह इतर अनेक भाषांतल्या त्याच्या आवृत्त्या नंतर निघाल्या. छापील कोशात वादाच्या जागी शेवटचा शब्द संपादक मंडळाचा असतो. येथे तसे मंडळच नाही. कोणताही वाचक लेख दुरुस्त करू शकतो आणि दुसरा वाचक ती दुरुस्ती पुसू शकतो. प्रत्येक बदलाची नोंद मात्र कायम राहते आणि लेखाला जोडून चर्चेचे एक वेगळे पान असते. विद्यार्थी लेख वाचतात, हे पान सहसा उघडत नाहीत. खरे तर शिकण्यासारखे पुष्कळ काही तेथेच असते.

जर्मन आवृत्तीत या गावाचा लेख ‘डान्झिग’ या नावाने आहे आणि पोलिश आवृत्तीत ‘ग्दान्स्क’ या नावाने. त्यावर कोणाची तक्रार नाही. आपापल्या भाषेत आपापले नाव. भांडण जुंपले ते इंग्रजी आवृत्तीत, कारण ते सर्वांचेच अंगण. एकाने ‘डान्झिग’ लिहावे, दुसऱ्याने ते खोडून ‘ग्दान्स्क’ करावे, पहिल्याने पुन्हा फिरवावे, असे चालले. अशा ओढाताणीला आळा घालण्यासाठी या कोशाने २००४ मध्ये एक नियम केला: एकाच लेखात दुसऱ्याचे लिखाण चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचे नाही. यामुळे भांडणाचा वेग कमी झाला, भांडण मिटले नाही.

दोघेही खरेच बोलत होते

गंमत अशी की यात खोटे कोणीच बोलत नव्हते. गावाचा इतिहासच पाहा. इ. स. ९९७ च्या घटनांच्या संदर्भात त्याचा पहिला लेखी उल्लेख येतो. तेव्हा तेथे पोलिश राजवंशाची सत्ता होती. १३०८ मध्ये ट्यूटॉनिक सरदारांच्या जर्मन धर्मसंघाने ते घेतले. १४५४ मध्ये नागरिकांनी या संघाविरुद्ध उठाव केला आणि पोलंडच्या राजाचे छत्र पत्करले. १७९३ मध्ये पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत गाव प्रशियाकडे गेले. पहिल्या महायुद्धानंतर ते राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालचे स्वतंत्र नगर झाले. १ सप्टेंबर १९३९ रोजी येथल्याच वेस्टरप्लाटे या ठाण्यावर जर्मन युद्धनौकेने तोफा डागल्या आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४५ पासून गाव पोलंडमध्ये आहे. जुनी जर्मन वस्ती पळून गेली किंवा हाकलली गेली आणि तिच्या जागी पोलिश कुटुंबे वसली.

यातला १४५४ ते १७९३ हा काळ सर्वांत अवघड. राजा पोलंडचा, पण बहुतेक व्यापारी व कारागीर जर्मन बोलणारे, आणि शहराला कारभाराची मोठी मोकळीक. मग नाव राजावरून ठरवायचे की रहिवाशांच्या बोलीवरून? दोन्ही बाजूंकडे पुरावे होते. पुरावा कमी होता म्हणून हा वाद सुटत नव्हता असे नाही. प्रश्नच असा विचारला जात होता की त्याला एकच उत्तर असणे शक्य नव्हते. ‘या गावाचे नाव काय?’ असे विचारताना ‘केव्हा?’ हा शब्द गळून पडला होता.

प्रश्नाचे तुकडे

२००५ च्या सुरुवातीला संपादकांनी मतदान घेतले. मतदानाने इतिहासातले सत्य ठरते का, ही शंका कोणीही घेईल, आणि ती रास्त आहे. पण मतदान गाव कोणाचे यावर नव्हते. कोणत्या काळाविषयी लिहिताना इंग्रजीत कोणते नाव वापरावे, एवढाच प्रश्न होता, आणि तोही कालखंडांचे तुकडे पाडून विचारला होता. निकाल असा लागला: १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग, त्याच्या आधी आणि नंतर ग्दान्स्क. शिवाय पहिल्या उल्लेखात दुसरे नावही द्यायचे.

प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो. पाणी किती अंशांवर उकळते, या प्रश्नाला हवेचा दाब सांगितल्याशिवाय पूर्ण उत्तर देता येत नाही. दाब सांगितला की महाबळेश्वरचा आकडा आणि मुंबईचा आकडा दोन्ही बरोबर ठरतात.

मात्र माणसांपाशी येऊन हा नियम अडखळला. चरित्रलेखांसाठी असे ठरले होते की व्यक्ती स्पष्टपणे जर्मन असेल तर डान्झिग हे नाव आधी, आणि स्पष्टपणे पोलिश असेल तर ग्दान्स्क आधी. पण ‘स्पष्टपणे’ कोण? याच गावचा योहानेस हेवेलियस घ्या. जन्म १६११, मृत्यू १६८७. त्याचा धंदा बिअर गाळण्याचा. घराच्या छपरावर त्याने वेधशाळा उभारली आणि १६४७ मध्ये चंद्राच्या नकाशांचा प्रसिद्ध ग्रंथ काढला. गावची भाषा जर्मन, त्याच्या ग्रंथांची लॅटिन. राजा पोलंडचा, आणि त्या राजाचे, यान सोबिएस्कीचे, नाव त्याने १६८४ मध्ये एका नव्या तारकासमूहाला दिले. तो समूह, म्हणजे ढाल, आजही आपल्या तारानकाशात आहे. जवळच्या तोरुन येथे १४७३ मध्ये जन्मलेल्या कोपर्निकसचीही अशीच खेचाखेच होते. प्रजा पोलंडच्या राजाची, ग्रंथ लॅटिनमध्ये, उरलेली पत्रे लॅटिन व जर्मनमध्ये. माणसाला एका राष्ट्राच्या खात्यात मांडण्याची रीत युरोपात मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात रुजली. त्या रीतीचे माप आपण आधीच्या माणसांना लावतो आणि ते बसत नाही म्हणून भांडतो.

१९३९ मध्ये या गावावरून तोफा चालल्या. २००५ मध्ये त्याच गावावरून लोक चर्चेच्या पानावर हमरीतुमरीवर आले, पण प्रत्येकाला आपला पुरावा दुसऱ्यापुढे मांडावा लागला आणि तो आजही वाचायला मिळतो. हा फरक लहान नाही.

वर्गात याचा उपयोग सहज करता येईल. शास्त्रज्ञाच्या नावापुढच्या कंसाऐवजी मुलांना एक तक्ता करू द्या: जन्मगाव, तेव्हाची सत्ता, घरची भाषा, कामाचे ठिकाण, ते जन्मगाव आज कोणत्या देशात. फॅरनहाइटसमोर मुले लिहितील: डान्झिग, पोलंडचा राजा, जर्मन, हॉलंड, पोलंड. मग त्यांनाच विचारा, तो कोणत्या देशाचा? उत्तर द्यायची घाई आपण करू नये. हा तक्ता इतर शास्त्रज्ञांसाठी भरायला लागल्यावर आणखी किती कंस कमी पडतात, ते मुलांना आपोआप दिसेल.